डोहाचं पाणी काचेच्या बरणीत

अमरावती

ज्या गावी आपलं घर उरलेलं नसतं, तिथं जायला कारण लागतं. माझे वडील अकोटला शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि आईला घेऊन ते नाशिकला भावाकडे राहायला गेले. तेव्हापासून वऱ्हाडात माझं म्हणावं असं एक दारही राहिलं नाही. पुण्यात मी एका प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यात वापरलं जाणारं एखादं रसायन पाण्यात गेलं तर मासे ते किती सोसतात आणि कधी मरतात, हे तपासणं माझं काम. 'यंदा गावाकडे का?' असं उन्हाळ्यात कोणी विचारलं की मी 'हो, नाशिकला' म्हणायची, आणि डोळ्यांपुढे मात्र अकोटचा एसटी स्टँड यायचा.

शेवटी कारण मिळालं ते नसरीनच्या फोनमुळे. नसरीन माझी एमएस्सीची मैत्रीण. अमरावतीला आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकलो, वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी पुण्याला गेले. ती अकोटला लग्न करून तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागली. दोघींचे फोन नंबर बदलत गेले आणि मधली वर्षं नुसतीच निघून गेली. तिनं माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. हॅलोसुद्धा न म्हणता म्हणाली, "मीने, इकडे मासे मरून राहिले. तू पाहाले येशीन का?"

नदीच्या एका डोहात मासे मेले होते. काठाला फवारणीच्या स्टिकरचे रिकामे डबे पडलेले होते. स्टिकर म्हणजे औषध कपाशीच्या पानाला चिकटून राहावं म्हणून त्यात मिसळायचं साबणासारखं द्रव्य. मूळचं ते कापड गिरण्यांतलं, सूत लवकर भिजावं म्हणून वापरायचं. त्या वर्षांत ते डब्यांतून वऱ्हाडात गावोगाव पोचलं होतं. माझ्या साहेबांनी सुट्टी दिली, काचेचं थोडं सामान दिलं आणि म्हणाले, "आधी चाचणी नीट होऊ दे, मग बोलू."

बडनेऱ्याला उतरले तर फलाटावर नसरीन उभी. केसात पांढरं आलेलं, चष्मा लागलेला, हसणं तेच. रमजान चालू होता, तिचा रोजा होता. तरी अमरावतीत शिरल्या शिरल्या तिनं मला गिल्या वड्याच्या गाडीपाशी उभं केलं. दह्यात बुडवलेला, वरून तिखट भुरभुरलेला तो वडा पुण्यात मी कितीदा करून पाहिला असेल; तो कधी असा झाला नाही.

"तू खा. मी डोयानं खातो," ती म्हणाली.

मी वडा तसाच हातात धरून राहिले. आमच्याकडे बायकाही 'मी खातो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याला गेले तेव्हा माझ्या तोंडून ते पहिल्या काही दिवसांतच पुसलं गेलं. लोक हसायचे म्हणून नव्हे. कोणाशी तसं बोलावं असं कोणी समोर नव्हतं म्हणून.

शहर वाढलं होतं. शिकवण्यांच्या पाट्या माडीमाडीवर चढल्या होत्या, आणि भिंती बियाण्यांच्या नि औषधांच्या जाहिरातींनी रंगल्या होत्या. चौकात दूरचित्रवाणीवाल्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. त्या वर्षांत दिल्ली-मुंबईचे वार्ताहर अमरावतीत सतत यायचे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी. माझ्या हातातलं सामान पाहून ऑटोवाल्यानं विचारलं, "पेपरवाले का तुमी?"

"नाही हो. मासे बघायला आले आहे."

त्यानं आरशातून पाहिलं. थट्टा नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाला, "बरं हाय. मानसाईले पाहाले त रोजच कोनी ना कोनी येते."

सेमाडोह

चाचणीसाठी असे मासे हवे होते ज्यांना फवारणीचा वासही लागलेला नाही. नसरीनचं म्हणणं, मेळघाटात सिपना नदीला असे मासे मिळतील. परवानगी मिळते की नाही ते तिथंच जाऊन विचारू. मला वाटतं तिलाही कारण हवं होतं.

परतवाडा मागं पडलं आणि एसटी घाटाला लागली तशी काळ्या मातीची, कपाशीची, पिवळ्या फुलांची सगळी रांगच संपली. सागाचं हिरवं सुरू झालं. वळणावर बस थांबली की पाण्याचा आवाज यायचा, पाणी दिसायचं नाही. खाली रस्त्याकडेला पाणी भरणाऱ्या कोरकू बायका, डोईवर पाण्याचे पितळी गुंड, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत. नसरीनचे ओठ कोरडे पडले होते. तरी ती खिडकीबाहेर बोट करून मला एकेक झाड दाखवत होती, जणू मी पहिल्यांदाच येत होते.

सेमाडोहला पर्यटकांच्या खोल्यांची रांग जवळजवळ रिकामी होती. पावसाळ्यात जंगलफेरी बंद, त्यामुळे वाघ बघणारे कोणी नव्हते. वनखात्याचे साहेब शांतपणे ऐकून घेणारे निघाले. सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "मॅडम, इथून सागाचं वाळलेलं पानही नेता येत नाही. मासा तर जिवंत आहे."

"आणि सर, आम्ही तो मारायलाच नेणार," नसरीन म्हणाली. ती असंच खरं बोलते. साहेब हसले, पण परवानगी दिली नाही. मला मनातून बरंच वाटलं.

दिवस मावळायला आला तशा आम्ही सिपनेच्या काठी दगडावर जाऊन बसलो. चहाच्या टपरीवाल्याला रोज्याचं सांगितलं होतं. त्यानं कांदाभजी कागदात बांधून दिली आणि वर दोन पेरू दिले. पेरूचे पैसे घेतले नाहीत. नसरीननं पिशवीतून खजूर काढला. पाणी इतकं स्वच्छ होतं की बोटाएवढे मासे प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून एका जागी तरंगताना दिसत होते, शेपूट तेवढी हलत होती.

खजूर तोंडात टाकून, पाणी पिऊन तिनं पेरू फोडला. मग म्हणाली, "तुले माहीत हाय, वर्गात मी माशाचे कल्ले फळ्यावर काढतो. लाल खडूनं. दरवर्षी. पोरी विचारतात, मॅडम, खरा मासा कवा दाखवसान? कॉलेजात पाण्याची टाकी नाही, सूक्ष्मदर्शकाची काच फुटली हाय. मी म्हनतो, बाजारात पाहून घ्या." तिनं पेरूचा अर्धा तुकडा मला दिला. "तू रोज खरे मासे पाह्यतं."

"रोज मरताना पाहते," मी म्हटलं.

"तरी खरे ना?"

पुण्यातल्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलाला खिडकी नाही. तिथं काम करताना कित्येकदा वाटायचं, शेजारच्या स्टुलावर नसरीन असती तर बरं झालं असतं. ती आता शेजारी बसली होती आणि तेच वाटणं मात्र कमी व्हायला तयार नव्हतं.

अकोटकडे

परतताना परतवाड्याजवळच्या एका धरणाखाली मत्स्यबीज केंद्र होतं. तिथल्या माणसानं रोहूची बोटुकली दिली. बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणून बोटुकली. मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी, वर प्राणवायू भरून तोंड आवळलेलं. आम्ही दोघी त्या पिशव्या मांडीवर घेऊन अकोटच्या एसटीत बसलो.

अंजनगावच्या अलीकडे माझी मांडी ओली झाली. पिशवीला बारीक भोक पडलं होतं. बोट दाबून धरलं तरी पाणी झिरपत होतं. पलीकडच्या बाकावर एक आजी होत्या, लुगड्याचा काष्टा, मांडीवर मेथीचं गाठोडं. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं.

"काय व बाई हे?"

"मासे आहेत, आजी."

"जिते?"

"हो."

"मंग अशी काहून धरतं? आन इकडे." त्यांनी पिशवीचा तो कोपरा पिळला, गाठोड्याची सुतळी सोडून करकचून बांधला आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. मेथी पायाशी गेली. अकोट येईपर्यंत त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांनी तोलून धरली होती; खड्डा आला की नातू सांभाळावा तशी वर उचलायच्या. उतरताना त्यांनी विचारलं, "पोसनार का यायले?" म्हणजे, पाळणार का यांना? नसरीननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ती 'हो' की 'नाही' हे मलाच कळलं नाही. आजी मात्र समाधानानं मेथी उचलून चालू लागल्या.

अकोट

नसरीनचे यजमान सलीमभाई फवारणीचे पंप दुरुस्त करतात. खाली दुकान, वर घर. त्या मोसमात दुकानापुढे पाठीवरच्या पंपांची रांग लागलेली. कोणाचा वायसर गेला, कोणाची नळी फुटली. सलीमभाई कमी बोलतात. मला पाहून उठले, हात पुसले, "आओ बहन, घर तुमचंच हाय," म्हणाले आणि पुन्हा पंपाला लागले. पुण्यात माझ्या शेजाऱ्यांना माझं आडनाव ठाऊक आहे, नाव नाही. इथं तासाभरात गल्लीतल्या तीन घरांतून 'मास्तरची मीना आली' म्हणून बायका येऊन गेल्या. त्यातल्या दोघींना मी ओळखलंही नाही. त्यांनी मला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहाचं पाणी आणायला गेलो. अकोटच्या दक्षिणेला पूर्णेकडे जाल तसा खारपाणपट्टा लागतो. जमीन काळी, सपाट, नजर जाईल तिथवर कपाशी आणि तूर. पण विहिरीचं पाणी खारट. तिथल्या चहालाही मिठाची चव असते. लहानपणी मला ती आवडायची नाही. यावेळी पहिला घोट घेतला आणि डोळे भरून आले. चहा देणाऱ्या माणसाला वाटलं, भाजलं.

डोहाकाठी मासेमारी करणाऱ्या भोयांची घरं होती, चार-सहा. तिथं गयाबाई भेटली. चाळिशीची असावी, उंच, आवाज खणखणीत. तिची मुलगी नसरीनच्या वर्गात शिकते. तिच्याकडूनच नसरीनला हे सगळं कळलं होतं. गयाबाईनं आम्हांला ओट्यावर बसवलं, ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी पुढं ठेवली, आणि नसरीनचा रोजा आहे म्हटल्यावर तिच्या वाटणीची भाजी फडक्यात बांधून दिली.

"पोयाच्या सनाच्या मांगं झालं हे," ती सांगू लागली. "सकायी पाह्यलं त सारा डोह पांढरा. पोट वर करून मासेच मासे. जे जिते होते थे पान्यावर तोंड काढून भक भक करून राह्यले होते. गावानं म्हनलं, भोयांनीच डोहात औषध टाकलं, एका झटक्यात मासे काढाले. आमी? आमी डोहात औषध टाकू? आपल्या ताटात कोनी माती कालवते का?"

गावानं डोहात जाळं टाकायची बंदी केली होती. गुरं पाण्यावर नेणारे लोक भोयांच्या घरावरून जाताना तोंड फिरवायचे. तिचा नवरा किसन मानी माणूस. एक दिवस जाळं आढ्याला टांगलं आणि पुण्याकडे बांधकामावर निघून गेला. 'डोह मोकळा झाला त येईन' एवढंच बोलला. त्याच्याकडे फोन नव्हता. गावातला कोणी तिकडून आला तर निरोप, नाही तर काही नाही.

परत येताना नसरीन म्हणाली, "मी आली होती तवा पान्यावर फेस होता. खारपानात साबनाले फेस येतो का, सांग मले. कपडे धुवाले बाया रडतात इथं. मग हा फेस आला कुठून? तवाच माह्या डोक्यात स्टिकर आला."

गिरण्यांतल्या त्या द्रव्याला जड पाण्यातही फेस येतो. कागदावर हे मलाही माहीत होतं. पण फेसापाशी थांबून विचार करायला तिथं नसरीन होती.

बरण्या

तशी चाचणी सोपी असते. एका पात्रात नुसतं डोहाचं पाणी, बाकीच्यांत तेच पाणी आणि त्यात स्टिकर, एकात थेंबभर, पुढच्यात त्याहून जास्त, असं चढत. प्रत्येकात मासे सोडायचे, चार दिवस बघायचं. नुसत्या पाण्यातले मासे जगले तरच बाकीच्यांच्या मरणाला अर्थ. आम्ही वरच्या खोलीत पात्रं मांडली, हवेचे छोटे पंप लावले, आणि दोघी एमएस्सीच्या दिवसांसारख्या जमिनीवर मांडी घालून बसलो.

ते भारनियमनाचे दिवस. वीज जायची ठरलेली वेळ होती. ती आम्ही धरलीच होती. पण दुसऱ्या दिवशी वीज वेळेच्या आधी गेली आणि आलीच नाही. हवेचे पंप थांबले. दुपारचा उकाडा, पात्रं लहान, मासे जास्त. आधी जास्त स्टिकरच्या पात्रातले गेले, मग कमी स्टिकरच्या, आणि शेवटी नुसत्या पाण्यातलेही. मी नुसत्या पाण्यातला एकेक मासा चिमट्यानं उचलून ताटलीत ठेवत होते. चाचणी बाद झाली होती.

नसरीन भिंतीला टेकून बसली होती. दिवसभराचा रोजा, त्यात हे. "झालं. गयाबाईले काय सांगू मी आता?"

चूक माझी होती असं म्हणून रडण्यात अर्थ नव्हता. पुण्यात वीज जात नाही, म्हणून पुण्यातल्यासारखी मांडणी मी केली होती, एवढंच. विजेविना करायची तर मोठी पात्रं हवीत आणि त्यात मासे अगदी थोडे, म्हणजे पाण्यात मुरलेली हवाच त्यांना पुरेल. पात्रं मात्र काचेची हवीत. प्लास्टिक नको, पत्रा नको, चिनीमातीत लोणचं मुरलेलं. अकोटात एवढ्या मोठ्या काचा आणायच्या कुठून?

सलीमभाई दारात येऊन ऐकत होते. म्हणाले, "करीमचाचाकडे आहेत."

करीमचाचांची बेकरी दोन गल्ल्या पलीकडे. फळीवर ओळीनं मोठ्या काचेच्या बरण्या: खारी, टोस्ट, नानखटाई, जिरा बिस्किटं. रमजानचा महिना, दुकानाला उसंत नाही. सत्तरीचे चाचा, दाढीला मेंदी. नसरीननं सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हातानं गिऱ्हाइकाला खारी देत होते.

"मछली मरेगी मेरी बरणी में?"

"जी, चाचा."

"किसके वास्ते?"

"भोई लोगांच्या वास्ते, चाचा. त्यांच्यावर आळ आला हाय."

चाचांनी हातातली खारी खाली ठेवली. मग नोकराला हाक मारली नाही. स्वतः बरण्या उतरवू लागले. नानखटाई पत्र्याच्या डब्यात गेली, टोस्ट टोपल्यात. "बाद में मैं इन में बिस्किट नहीं रखूंगा," ते म्हणाले, "पर गुनाह किसी और का, नाम किसी और का, ये बात ठीक नहीं." ईदपर्यंत त्यांचं दुकान अर्ध्या फळ्या रिकाम्या ठेवून चाललं.

आम्ही बरण्या धुतल्या, पुन्हा धुतल्या, दोन दिवस साध्या पाण्यानं भरून ठेवल्या. सलीमभाई मोटारसायकलवरून जाऊन नवी बोटुकली घेऊन आले, पुन्हा गयाबाईच्या डोहाचं पाणी आलं. मग चाचणी मांडली. इफ्तारच्या वेळी खालून भज्यांचा, चण्याचा वास यायचा. नसरीन अजान झाली की खजूर तोंडात टाकून तशीच वर यायची, हातात माझ्यासाठी ताटली. आम्ही बरण्यांपुढे बसून जेवायचो. मासे हळूहळू वर यायचे, तोंड उघडं ठेवून पाण्याच्या पृष्ठाशी लागायचे, मग कडेला आपटायचे.

"गयाबाई हेच म्हने," नसरीन हलकेच बोलली. "भक भक."

तिनं मेलेल्या माशाचा कल्ला उघडून भिंगाखाली धरला. लाल झालरीवर चिकट पांढरा थर. तिनं भिंग माझ्याकडे दिलं नाही. पुन्हा पुन्हा स्वतःच बघत राहिली. "मीने, मी फळ्यावर काढतो ना, तसंच हाय अगदी. फक्त हा थर नाही काढत मी."

नुसत्या पाण्याच्या बरणीतले सगळे मासे चारही दिवस फिरत राहिले. पुण्यात क्षार कमी असलेल्या मऊ पाण्यात याच जातीच्या द्रव्यानं मासे मारायला जेवढं लागलं होतं, त्याहून बरंच कमी इथं पुरलं. फवारणीच्या औषधाचा वाटा त्या डोहात नव्हताच, असं मी म्हणत नाही. मी तपासलं ते स्टिकर. पण एवढं नक्की झालं, की कोणी मुद्दाम विष न टाकताही, नुसते पंप आणि डबे धुतल्यानं आटत आलेल्या त्या डोहातले मासे मरू शकत होते.

ओट्यावर

गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही गेलो तेव्हा पंधरा-वीस माणसं जमली होती. गयाबाई दूर निंबाखाली उभी. मी बोलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की कोणी ऐकत नाही. 'प्रमाण', 'विद्राव्य' असले शब्द माझ्या तोंडून येत होते. पुंडलिकराव नावाचे एक वयस्कर शेतकरी पुढं बसले होते. भोयांवर आळ घेण्यात तेच पुढं होते, असं नंतर कळलं. ते म्हणाले, "बाई, हे पुन्यात सांगजा. आमी साबनासारखं समजून डोहात पंप धुतले. साबनानं मासा मरते होय?"

नसरीन पुढं सरकली. तिनं पिशवीतून दोन बरण्या काढल्या, दोन्हींत त्यांच्याच डोहाचं पाणी ओतलं, दोन्हींत दोन-दोन बोटुकली सोडली. मग पुंडलिकरावांच्याच घरून मागवलेल्या डब्यातला स्टिकर एका बरणीत टाकला. डबा धुतल्यावर राहील तेवढाच.

लोक जवळ सरकले. आधी काहीच झालं नाही. कोणी तंबाखू मळली, कोणी पावसाची गोष्ट काढली, यंदा कसा दडी मारून बसला आहे याची. मग बरणीतला एक मासा वर आला. तोंड उघडलं, मिटलं. दुसराही आला. ओट्यावरचं बोलणं एकेक करत थांबलं. मासा वाकडा होऊन काचेवर आपटला, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

पुंडलिकराव उठून उभे राहिले. "काढा," ते म्हणाले. "काढा ना जी बाहेर त्याले!"

नसरीननं दोन्ही मासे ओंजळीनं उचलून दुसऱ्या बरणीत सोडले. एक तळाशी गेला आणि परत हलला नाही. दुसरा बराच वेळ कलंडून राहिला, मग सरळ झाला. पुंडलिकराव त्याच्याकडे बघत उभेच होते. मग त्यांनी निंबाखाली पाहिलं.

"गयाबाई," ते म्हणाले, "आमचं चुकलं व."

ती पुढं आली नाही. पदर दाताखाली धरून तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "मायं काही नाई दादा. थो माणूस गेला ना."

त्या दिवशी ठरलं: डोहापासून लांब, बांधावरच्या खड्ड्यात पंप धुवायचे, डबे पाण्याकाठी आणायचे नाहीत, आणि भोयांवरची बंदी उठली. ठरलेलं गाव किती पाळतं ते मला माहीत नाही. नसरीन अधूनमधून जाऊन बघते. फोनवर सांगते, बरेचजण पाळतात. काही नाही पाळत.

पुणे

अकोल्याच्या स्टेशनवर मला पोचवायला नसरीन आणि गयाबाई दोघी आल्या होत्या. गयाबाईनं ज्वारीचे वडे बांधून आणले होते. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. नसरीननं खिडकीच्या गजांतून माझी बोटं धरली होती आणि ती चष्म्याआडून दुसरीकडेच बघत होती. गाडी हलली तेव्हा गयाबाई सोबत चालू लागली.

"बाई, तुमच्या पुन्याले हाय थो. बांधकामावर. डाव्या कानात बायी हाय त्याच्या, सोन्याची. दिसला त सांगजा, डोह मोकया झाला म्हना!"

पुणं किती मोठं आहे हे तिला कसं सांगणार? मी "सांगतो" म्हणाले. सांगते नव्हे, सांगतो.

साहेबांनी निकाल नीट वाचला. अहवालावर बाहेरच्या माणसाचं नाव घालायची पद्धत नाही, असं त्यांनी सुरुवातीला म्हटलं. मी त्यांना कल्ल्यांबद्दल नसरीननं लिहून दिलेलं वाचायला दिलं, आणि मग तिचं नाव माझ्या नावाशेजारी आलं. स्टिकर विकणाऱ्या कंपनीला अहवाल गेला आहे. डब्यावर पाण्याबद्दलची एक ओळ घालू, असं त्यांनी कळवलं. अजून मी ती छापलेली पाहिलेली नाही.

एका रविवारी मी गाडी काढून शहराच्या पश्चिमेला, जिथं नव्या इमारती उभ्या राहताहेत तिथं गेले. बांबूच्या परांच्या चढलेली एक इमारत, अर्धे मजले उघडे. आत जायला कोणी देईना. मग मी रस्त्यावरच उभी राहिले आणि कित्येक वर्षांत न वापरलेल्या आवाजात ओरडले, "वऱ्हाडातलं कोनी हाय का वर?"

मग चौथ्या मजल्यावरून: "हाव!" सहाव्यावरून: "आमी हावो ना जी!" कुठल्या तरी उघड्या भिंतीआडून आणखी एक. पापण्यांवर सिमेंट बसलेला एक माणूस खाली आला. त्याच्या कानात बाळी नव्हती.

"कोन्या गावच्या तुमी?"

"अकोटची."

"अरे बाप्पा!" तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच त्याच्यासाठी निरोप आणला होता. किसन त्याला माहीत नव्हता. आपल्याकडचे बरेचजण मागच्या महिन्यात दुसऱ्या कामावर गेले, त्यांत असेल, म्हणाला. "काय सांगाचं त्याले?"

"डोह मोकया झाला म्हना."

त्यानं मान वर केली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ते तसंच वर ओरडून सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्यानं ते सहाव्याला सांगितलं. वरून कोणीतरी विचारलं, "कोनता डोह?"

मी गावाचं नाव ओरडून सांगितलं.